पालथी नोट

सुटे पैसे परत देताना भाऊ नोट नेहमी पालथी द्यायचे. दहाची असो नाहीतर शंभराची, चेहऱ्याची बाजू खाली, आणि वर झेंडूचं एक फूल. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, फाटकी नोट लपवून देतोय. तो तिथंच उलटून बघायचा. भाऊ म्हणायचे, "चांगली हाये, बावा. म्हाताऱ्याले उलसाक झोपू दे." उलसाक म्हणजे थोडंसं.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा ओलांडून आत शिरलं की त्यांचं हारफुलांचं दुकान. दुकानावरच्या माडीत आमची खोली. दुकान भाऊंचं, खोली भाऊंची, आणि हळूहळू माझं कामही भाऊंचंच झालं. गल्ली त्यांना गव्हर्नर म्हणायची. नोटेवर सही करणारा एक साहेब असतो ना, त्याच्या खालोखाल नोटेची काळजी वाहणारा माणूस हाच, असं गल्लीचं मत होतं. भाऊंना ते नाव आवडायचं. आवडतं हे मात्र ते कबूल करत नसत.

मी गडहिंग्लजकडची. सहावीत शाळा सुटली. नवरा डाळमिलमध्ये यंत्रावर, त्याच्यामागून मी अकोल्यात आले. पहिले दोन महिने मला वाटायचं, या गावात सगळे एकमेकांशी भांडतायत. पुढं कळलं, ते जेवायला बोलावतायत. मी जात्याच भित्री. कुलूप लावलं तरी अर्ध्या जिन्यावरून परत जाऊन ओढून बघणारी. घरमालक रागावेल, खोली जाईल, पुन्हा बोचकं बांधावं लागेल, ही धास्ती पोटात कायमची. भाऊंनी खोली देताना अनामत मागितली नाही. एवढंच विचारलं, "कुठची तू?" मी गाव सांगितलं. ते म्हणाले, "म्हनजे पुन्याकडची." गडहिंग्लज पुण्यापासून किती लांब ते मी सांगू लागले, तर हात हलवून म्हणाले, "खामगावच्या पल्याड सारं पुनंच." तेव्हापासून मी पुनेवाली. आठवड्याने त्यांनी गुळाची एक ढेप माडीवर पाठवली. तिकडची माणसं गुळाशिवाय जगत नाहीत, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. तो गूळ कोल्हापूरचा नव्हता. खारट होता. पण मी तो शेवटच्या खड्यापर्यंत खाल्ला, आणि खाताना रडले.

पुढं जाण्याआधी एक सांगते. यात मी कुणा थोर माणसाचं नाव घेणार नाही. आजकाल ज्याचं नाव घ्यावं त्याची माणसं दारात येतात, आणि ज्याचं घेऊ नये त्याची आधी येतात. नोटेवर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला आमच्या दुकानात सगळे म्हातारा म्हणायचे, काही मायेनं, काही रागानं. बाकीच्यांचं तुम्ही समजून घ्या.

भाऊंच्या दुकानात कुणाचाही फोटो नव्हता. हारांचं दुकान, आणि भिंतीवर देवसुद्धा नाही! कुणी विचारलं तर ळचा य करणाऱ्या तिथल्या बोलीत म्हणायचे, "देव देवयात हाये. इथं गिऱ्हाईक हाये." पुड्या बांधायची रद्दीसुद्धा ते पानं निवडून घ्यायचे. एकदा शेवंतीच्या ओल्या देठाखाली आपल्या साहेबांचं तोंड काळं झालेलं एका कार्यकर्त्यानं पाहिलं होतं, आणि त्यानं दुकानापुढं घोषणा दिल्या होत्या. तेव्हापासून पुडी फक्त बाजारभावाच्या पानाची. "तुरीच्या भावाले कोनी हार घालत नाई, अन् जोडेबी मारत नाई," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं जुन्या शहरातल्या बायकांना देवाला फूल वाहण्याआधी तुरीचा भाव कळायचा.

आणि एवढं असून स्वतःच्या मिशीवर या माणसाचा फार जीव. फुलांवर पाणी मारायची स्टीलची परात भरली की आधी तिच्यात वाकून मिशी बघायचे, मग शिपडायला घ्यायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, आतून ओरडायची, "झालं का दर्शन? फुलं सुकून राहिली ना!"

चेहऱ्यांचा हा तिटकारा कुठून आला, तेही काकूनंच सांगितलं. भाऊ एकदा वॉर्डातून निवडणुकीला उभे होते. अपक्ष. नाक्यावरच्या भिंतीवर भलामोठा फोटो, हात जोडलेला, मिशी पिळलेली. पडले. पडण्याचं दुःख त्यांना फार झालं नाही, पण पोस्टर तसंच राहिलं. रोज सकाळी पातूरच्या मळ्यांतून फुलांची गाडी यायची, ती उतरवून घ्यायला भाऊ त्याच रस्त्यानं जायचे, आणि रोज स्वतःला भेटायचे. आधी कुणी तरी चष्मा काढला. मग शिंगं. मग खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, खाणाऱ्यांनी थुंकायला ती जागाच ठरवून टाकली. खालचा भाग बकरीनं खाल्ला. शेवटी भाऊ चुन्याची बादली घेऊन गेले आणि स्वतःच्या तोंडावर स्वतः कुंचला फिरवून आले. चुना वाळला, तर आतून डोळे दिसायला लागले. पुन्हा मारला, पुन्हा डोळे. "मानसाचं तोंड भिताडावर गेलं ना पुनेवाली, का ते त्याचं राह्यत नाई," मला म्हणाले. "सारं जाते, डोये तेवढे राह्यते. अन् डोये पायत राह्यते, लोक काय करून राहिले थे."

नोटांचे हार मी त्यांच्याकडेच शिकले. अकोल्याकडं लग्नात नवरदेवाला आणि सत्कारात पुढाऱ्याला नोटांचा हार घालतात. नोटा गिऱ्हाईक आणून देतं, आपण गुंफायचं. पिन मारायची नाही, खळ लावायची नाही, भोक पाडायचं नाही, कारण कार्यक्रम झाला की त्याच नोटा पुन्हा पाकिटात जायच्या असतात. पंख्यासारख्या बारीक घड्या घालून मध्ये दोरा आवळायचा, की गोल फूल होतं. नाहीतर नोट सपाट ठेवून पारदर्शक कागदात बसवायची. माझी बोटं बारीक, आणि नोट फाटेल म्हणून जीव धसकलेला. भाऊ म्हणायचे, "भेनाऱ्याचा हात चांगला. बेधडक हातानं नोट फाटते." उभ्या आयुष्यात माझ्या भीतीचं कुणी केलेलं हे एकमेव कौतुक.

सत्काराचा हार सांगायला येणारे आधी पक्ष सांगायचे, मग लांबी. काहींना म्हाताऱ्याचं तोंड बाहेर हवं असायचं, काहींना आत. आतवाले दिवसेंदिवस वाढत चालले होते. "पाठीकून लावा," म्हणायचे. पण पाठ काय सोपी आहे? पाचशेच्या पाठीवर किल्ला, तर एक जण म्हणाला, तो कुणी बांधला ते आधी बघा. दोनशेवर स्तूप, तर आज एक येऊन सांगून जाई की हा बिलकूल नको, आणि उद्या दुसरा येई, त्याला फक्त तोच पाहिजे. दहावर देऊळ, तर एका आजीबाईंचा सवाल की देवाचं देऊळ घामाच्या गळ्यात कसं घालता? शंभरावर विहीर, तिकडं गुजरातेतली. "काहून? आपल्या वऱ्हाडात विहिरी नाई का?" पन्नासवर नुसता दगडी रथ. मला वाटलं, याला तरी कुणी काही म्हणणार नाही. तर एक म्हणाला, "रथ मोकया काहून? कोनाले तरी बसवा ना!"

दुकानासमोरच्या बाकड्यावर एक निवृत्त मास्तर बसायचे. खादीचा सदरा, म्हाताऱ्याचे परमभक्त. एके दिवशी ते भाऊंवर उखडले. "तुमीबी त्याइले नोटेवरून काढा म्हनता? लाज नाई वाटत?"

भाऊ गुलाबाचे काटे काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मास्तर, ज्या मानसानं अंगावर पुरं कापड नाई घेतलं, त्याले आपन खिशात कोंबून दारूच्या दुकानात नेतो. टेबलाखालून पैसे देताना त्याले साक्षीदार करतो. थुका लावून त्याचं तोंड मोजतो. अन् वरून म्हनतो, सन्मान. तुमच्या बापाचा फोटो असा फिरवू देसान का?"

मास्तर म्हणाले, "मंग कुठी ठेवावं त्याइले?"

"सोडा त्याले. सुटू द्या बिच्चाऱ्याले."

मास्तर त्या दिवशी हार न घेताच उठून गेले. दुसऱ्या दिवशी आले, आणि भाऊंनी दिलेली पालथी नोट उलटून न बघता खिशात घातली.

भाऊंचं हे मत सगळ्या जुन्या शहराला माहीत होतं. पण त्यातला "सोडा" कुणाला नीट ऐकू जायचा नाही, "काढा" तेवढा जायचा. त्यातूनच पुढचं सगळं झालं.

भाऊंची एकुलती एक मुलगी वंदू. अमरावतीला एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. त्याच गावचा एक मुलगा तिनं पसंत केला होता. त्याचं बी-बियाणांचं दुकान. स्वभावानं इतका गरीब की बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायचा. वडील लहानपणीच वारलेले, काकानं वाढवलेला. त्यामुळं लग्न ठरायचं ते काकाच्या होकारावर. काका मोठं प्रस्थ. त्यांना मी अमरावतीकर म्हणते. व्याख्यानं द्यायचे. विषय एकच, नोटेवरून म्हाताऱ्याला काढा. वंदूचा जीव त्या मुलात किती गुंतलाय, हे मला तिच्या फोन घेण्यावरून कळायचं. सुट्टीला घरी आली की जिन्यात उभी राहून बोलायची आणि बोलता बोलता माझ्या कुंडीतली तुळस खुडून बोडकी करायची.

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही अमरावतीला गेलो. काकूनं मला सोबत नेलं. दिवाणखान्यात शिरताच समोर दाराएवढा फोटो. अमरावतीकरांचे महापुरुष. नाव लिहीत नाही. फोटोला हार, खाली दिवा, बाजूला त्या घरातल्या प्रत्येक नवरदेवाचा नोटांचा हार घातलेला फोटो. त्यांच्यात चालच होती, मुलीच्या बापानं मांडवाच्या दारात नवरदेवाला नोटांचा हार घालायचा.

अमरावतीकरांनी भाऊंना बघताच व्याही म्हणून कवटाळलं. "इवाई! ऐकलं म्या तुमच्याबद्दल. तुमीबी म्हनता त्याले नोटेवरून काढा म्हनून?"

"म्हनतो ना," भाऊ म्हणाले.

"वा! सोयरीक जुयन्याच्या आंधी इचार जुयले!"

टिळा झाला, ओटी झाली, जेवणं झाली. काकू मला कोपरानं ढोसत म्हणाली, "देव पावला वं बाई. जन्मात पयल्यांदा याच्या बोलन्यानं काम झालं." मी मात्र घाबरलेलीच. सगळं सुरळीत चाललं की मला जास्त भीती वाटते.

पान लावता लावता अमरावतीकर म्हणाले, "मंग इवाई, म्हातारा गेला का त्या जागी आपले हे." आणि मान फोटोकडं केली.

भाऊ म्हणाले, "तिथं कोनीच नोको."

"कोनीच नोको म्हनजे?"

"मोकयी जागा."

"मोकयी जागा कशी राह्यीन? नोट ओयखू कशी येईन?"

"आकडा हाये ना."

अमरावतीकर हसले. त्यांना वाटलं, पाहुणे थट्टा करतायत. "आकड्याले काय इतिहास हाये, इवाई? आमच्या महापुरुषाले मान नोको का?"

तेव्हा वंदू भाऊंकडं बघत होती. तिनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. काकूनं खोकून पाहिलं. मी पाण्याचा पेला पुढं केला. भाऊंनी पाणी प्यायलं, मिशी पुसली, आणि अगदी कळवळून म्हणाले, "मानच म्हनून राहिलो ना. त्याइलेबी सोडा. त्याइनं काय गुना केला? उद्या मटनाच्या दुकानात त्याइच्या तोंडाले रगत लागन."

पुढचं मला अजून दिसतं. अमरावतीकरांनी तोंडातलं पान काढून तबकात ठेवलं. आमचा नवरदेव दोनदा खाकरला आणि बोललाच नाही. मग अमरावतीकर उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "शब्द देल्ला हाये, म्हनून मोडत नाई. पन ऐका. हार तुमाले घालाच लागीन. अन् त्या हारात थो म्हातारा मले दिसला नाई पायजे. एकबी नोटेवर. दिसला, तं वरात मांडवाच्या दारातूनच वापस."

"हाव," भाऊ म्हणाले.

येताना गाडीत, अकोला जवळ आल्यावर वंदूनं तोंड उघडलं. "बाबा, एक दिवस तुमाले चूप बसता नाई आलं?"

"म्या वाईट काय म्हनलं?"

"काईच नाई. पन लग्न मोडलं ना, तं मी तुमच्याच दुकानात येऊन बसन. अन् हरेक गिऱ्हाइकाले सांगन, मी घरी काहून बसली थे."

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. मिशीला हात लावायचं विसरले होते.

मग आमचे प्रयोग सुरू झाले. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा भाऊ पाचशेची नोट माझ्यापुढं ठेवायचे. "घाल घडी. म्हातारा दिसला नाई पायजे." मी पंखा घातला. घडीतून चष्म्याची एक काच आणि अर्धं हसू बाहेर आलं. घड्या आणखी बारीक केल्या. चष्मा गेला, कान आला. "पाठीकून घाल," म्हणाले. घातला. तर पाठीवर खाली कोपऱ्यात स्वच्छतेच्या जाहिरातीतला चष्मा. माणूस नाही, नुसता चष्मा! भाऊंनी कपाळाला हात लावला. मी कडेची घडी आत घेऊन चष्मा दडवला आणि नोट उजेडात धरली. तर आतून कागदातूनच म्हातारा उमटला. पांढऱ्या भागात, पुसट, शांत.

भाऊ त्याच्याकडं बघत बसले. "याले चुना मारूनबी फायदा नाई," म्हणाले.

मला रडू यायला लागलं होतं. लग्न वंदूचं, हार माझ्या हातचा. वरात मागं गेली तर दोष कुणाला? खोली, काम, गूळ, सगळं डोळ्यांपुढं आलं. मी म्हणाले, "भाऊ, नाण्यांचा करू?"

"नोटांचा म्हनलं त्याइनं."

आणि मग ते एकदम उठले, चपला अडकवल्या आणि सराफ्याकडं गेले. परत आले ते लहान मुलासारखे. खिशातून कोऱ्या करकरीत नोटांचं बंडल काढलं आणि माझ्यापुढं चेहऱ्याच्या बाजूनं ठेवलं. पण त्या बाजूला चेहराच नव्हता. एक रुपयाची नोट! मी कितीक वर्षांत बघितली नव्हती. लग्नाच्या आहेरासाठी म्हणून सराफ्यात विकत मिळते, रुपयाला रुपयापेक्षा जास्त देऊन. वर रुपयाच्या नाण्याचं चित्र, मागं समुद्रात उभी असलेली तेलाची विहीर. उजेडात धरली तर आत सिंह.

"सिंहाला तोंड आहे की," मी भीत भीत म्हणाले.

"जनावराचं चालते. जनावर मत नाई मागत." आणि गल्लीला ऐकू जाईल असं हसले. "आपल्या देशात बिनतोंडाची एवढी एकच नोट हाये, पुनेवाली. एवढी एकच!"

"पण भाऊ, रुपयाचा हार? ते काय म्हणतील?"

"त्याइनं तोंड नोको म्हनलं. किंमत पायजे, असं कुठी म्हनलं?"

त्यांचा आनंद बघून मी पुढं बोलले नाही. माडीवर जाऊन गुंफायला बसले. खरं सांगते, तेवढा देखणा हार मी पुन्हा कधी केला नाही. हिरवट-गुलाबी फुलं, जाड, गुडघ्यापर्यंत. काकू वर आली, हाराकडं बघत उभी राहिली, मग पदराखालून रुमालाची पुरचुंडी काढली. आत पाचशेच्या नोटा. लग्नासाठी मागं टाकलेल्या.

"याचा दुसरा कर," म्हणाली. "सपाट. आकडा दिसला पायजे असा."

"पण म्हातारा?"

"तोबी दिसन." काकू जिन्याकडं बघत म्हणाली. "माह्या नवऱ्याचं तत्त्व मी संसारभर सांभायलं. पोरीच्या लग्नात नाई सांभायत. त्याले सांगू नोको."

मी केला. एक रुपयाचा हार ताटात उघडा ठेवला, पाचशेचा झेंडूच्या टोपलीत तळाशी, ओलं लागू नये म्हणून बाजारभावाच्या पानात गुंडाळून.

लग्न अकोल्यातच, मंगल कार्यालयात. भर दुपारी वरात आली. बँड, पोरांचं नाचणं, घोड्यावर आमचा खाकरणारा नवरदेव. अमरावतीकर फेटा बांधून पुढं. मांडवाच्या दारात भाऊंनी ताटातला हार दोन्ही हातांनी उचलला. लांबून तो इतका भरगच्च दिसला की वरातीतून "वा!" असा आवाज आला. अमरावतीकर जवळ आले, एक फूल बोटानं उलटलं, दुसरं उलटलं. म्हातारा कुठंच नाही. चेहरा खुलला. म्हणाले, "इवाई, शब्द पायला तुमी!"

तेवढ्यात त्यांच्यातला एक जण कानाशी लागला, पण कुजबुजायची सवय त्या मुलखात नाही. सगळ्यांनी ऐकलं. "काकाजी, रुपयाच्या हायेत."

बँड थांबला. म्हणजे एक ताशेवाला थोडा वेळ वाजवत राहिला आणि मग तोही थांबला.

"रुपया?" अमरावतीकर म्हणाले. "आमच्या पोराच्या गयात रुपया?"

"तोंड नसलेली येवढीच नोट निघते, इवाई," भाऊ शांतपणे म्हणाले. "उजेडात धरून पाहा. कोनीच नाई."

"ही बेइज्जती हाये!"

"कोनाची? म्हाताऱ्याची नाई, तुमच्या महापुरुषाची नाई, माही नाई. कोनाची थे सांगा."

घोड्यावरून नवरदेव खाकरला. पुन्हा खाकरला. "मले… रुपयाचा चालते, काकाजी."

"तू चूप बस!"

आतल्या दारात वंदू उभी होती, शालू नेसलेली, हातात वरमाला. ती नुसती बापाकडं बघत राहिली, साक्षगंधाच्या दिवशी बघत होती तशी. आणि मी भाऊंना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. हातातल्या हाराच्या नोटा सळसळत होत्या, पिंपळाची पानं वाजावीत तशा. त्यांना हार खाली घेता येईना आणि घालताही येईना.

मी टोपलीत हात घातला. कसा घातला ते देवाला माहीत. झेंडू सगळा सांडला. कागद सोडला आणि दुसरा हार भाऊंपुढं धरला. पाचशे, पाचशे, पाचशे. आणि प्रत्येक पाचशेवर म्हातारा, सरळ समोर बघून हसणारा.

भाऊंनी माझ्याकडं बघितलं, मग काकूकडं. काकूनं नजर वळवली नाही. भाऊंनी रुपयाचा हार ताटात ठेवला, दुसरा हातात घेतला, आणि आवाज जमेल तेवढा सरळ ठेवून विचारलं, "इवाई, याच्यात म्हातारा हाये. तोंड बाहेर हाये. पाठीकून करून आनू का?"

वरात अमरावतीकरांकडं बघत होती. फोटोवाला टाचा उंचावून उभा होता. अमरावतीकरांनी फेटा नीट केला.

"राहू द्या," म्हणाले. "फोटोत आकडा दिसला पायजे."

बँड वाजला. भाऊ चवड्यांवर उभे राहिले, नवरदेव घोड्यावरून वाकला, हार पडला. मी अगदी शेजारी होते, म्हणून ऐकू आलं. हार घालताना भाऊ नवरदेवाला काही बोलले नाहीत. ते म्हाताऱ्याशी बोलले. "माफ कर बावा. माही पोट्टी हाये."

लग्न लागलं. भाऊंनी पंगतीत आग्रह केला, विहिणींची थट्टा केली, अमरावतीकरांच्या पानात स्वतः जिलबी वाढली. वंदू गेली. त्यानंतर मात्र त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी रोज सकाळी खाली जायची, फुलं निवडायची, आणि आज खोली खाली करायला सांगतात की उद्या, याची वाट बघायची. एक दिवस परातीत पाणी भरत असताना म्हणाले, "दुसरा हार तू केला नसता ना, पुनेवाली, तं पोट्टी आज इथं बसून काटे काढत असती."

मी म्हणाले, "चुकलं माझं, भाऊ."

"चुकलं कोन म्हनते? तू भेली म्हनून वाचलो." मग परातीत न बघताच फुलांवर पाणी मारलं. "म्हातारा मातर नाई सुटला."

पुढं नवऱ्याला लातूरच्या मिलमध्ये जास्त पगाराचं काम मिळालं. गाव सोडण्याआधी मी वंदूला भेटायला अमरावतीला गेले. ती मजेत होती. नवरा अजून खाकरतो, पण आता एकदाच. दिवाणखान्यात शिरले आणि जागीच उभी राहिले. समोर दाराएवढा महापुरुषांचा फोटो, आणि त्याला माझा हार. रुपयाचा. मी गुंफलेला तो जाड, गुडघ्यापर्यंतचा हार. तो इतका भरगच्च, की नाकापासून खाली सगळं झाकून गेलं होतं.

"सासरी आली त्याच दिवशी घातला," वंदू पोहे ढवळत म्हणाली. "काकाजीले म्हनलं, माहेराहून आनला, महापुरुषासाठीच. खूश झाले. मंग दोन दिवसानं त्याइच्या ध्यानात आलं, का हा थोच रुपयाचा हार. पन आता काढन कोन? महापुरुषाच्या गयातला हार हाये थो. त्याले हात कोन लावन?"

अकोल्याला परतले तेव्हा भाऊ बाजारभावाच्या पानात कुणाची तरी शेवंती बांधत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ते हसतील म्हणून सांगितलं होतं. हसले नाहीत.

"तोंड बिलकूल दिसत नाई?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. नुसते डोळे दिसतात, हाराच्या वर."

त्यांनी दोरा दातानं तोडला, पुडी गिऱ्हाइकाला दिली, आणि सुटे पैसे पालथे करून वर झेंडू ठेवला.

"डोये राह्यतेच," म्हणाले. "वंदूले सांग, तेवढा हार उलसाक वर सरकव म्हना. झोपू दे त्याइलेबी."